हरतालिकेच्या दिवशीची मेल

“मग नसेलच ती, मॅडम.”

एवढंच म्हणालो होतो मी. आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. २०२४ चा ऑगस्ट, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, शेडच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की साधं बोलणंही ओरडून करावं लागत होतं. कोटेशनच्या मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांना नऊ-दहा वर्षांपूर्वीची एक मेल हवी होती. पुण्याचं एक गिऱ्हाईक आमच्याकडचे पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचे नमुने, उचलून दुसऱ्या फाउंड्रीत न्यायला निघालं होतं, आणि त्याबरोबरचे कोअर बॉक्सही, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा बनवायच्या पेट्याही, आपल्याच म्हणत होतं. मॅडमचं म्हणणं असं की कोअर बॉक्सचा खर्च निम्मा-निम्मा ठरला होता, त्यांचे निम्मे कधी आलेच नाहीत, आणि ठरलेलं त्यांनी लेखी मान्य केलं होतं. मी गिऱ्हाइकाचं नाव टाकलं, ‘कोअर बॉक्स’ टाकलं, ‘फिफ्टी पर्सेंट’ टाकलं आणि एंटर मारलं. नवा सर्व्हर, जुन्या मेल साठवायचं नवं अर्काइव्ह. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: शून्य.

“आहे रे, मी स्वतः वाचलीय. हरतालिकेचा उपवास होता मला, चहासुद्धा घेतला नव्हता, आणि संध्याकाळी त्या माणसानं हे पाठवलेलं. साल तेवढं सांगता यायचं नाही बघ.” मी पुन्हा एंटर मारलं. पुन्हा शून्य. मग ते माझं वाक्य. त्यावर त्या हसल्या. “असंल मग. वय झालं की रे आता,” म्हणाल्या, आणि साडीचा काठ चिखलातून वर धरत आपल्या सेक्शनकडे निघून गेल्या.

ते ‘वय झालं’ माझ्या डोक्यातून जाईना.

मे महिन्यात आम्ही मेलचं अर्काइव्ह नव्या सर्व्हरवर नेलं होतं. जुन्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू होतं. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाले आणि आमच्याकडे पैसे मंजूर व्हायला मे उजाडला. आमची सर्व्हर रूम म्हणजे ऑफिसच्या जिन्याखालची काचेची खोली. एसी चोवीस तास चालतो, तरी भाजलेल्या वाळूचा आणि रेझिनचा वास आत असतोच. जुना सर्व्हर उघडला तेव्हा पंख्यांवर काळ्या भुकटीचा थर होता, बोटानं नाव लिहावं असा. त्यात २०११ पासूनच्या चौदा लाख मेल. आमचे कोणी साहेब म्हणालेही, की २०१६ च्या आधीचं कशाला उचलता, हिशेबाची कागदपत्रं कंपनी कायद्यानं आठ वर्षं ठेवायची असतात, ती झाली की. मी ऐकलं नाही. याचं श्रेय मला घेता येत नाही. निवडत बसण्यापेक्षा सगळं उचलणं सोपं होतं.

मेल उचलणं हे तसं हमालीचं काम. सर्व्हिस बंद करायची, फाइली कॉपी करायच्या, इकडची बेरीज तिकडे जुळते का बघायची. खरा घोळ असतो तो इंडेक्सचा. चौदा लाख मेल कोणी पहिलीपासून वाचत बसत नाही, यंत्रसुद्धा नाही. त्यासाठी आधीच एक उलटी वही घातलेली असते: ‘कोअर’ हा शब्द अमुक अमुक क्रमांकाच्या मेलमध्ये, ‘बॉक्स’ हा अमुक अमुकमध्ये. शोध घेताना यंत्र मेल उघडतच नाही, ही वही उघडतं. वहीत नोंद नसेल तर ते ‘नाही’ म्हणतं. कपाटात बघून येऊन सांगितलेलं ‘नाही’ आणि वहीत बघून सांगितलेलं ‘नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. स्क्रीनवर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं मी हेच काम करतोय.

तर प्रश्न असा होता, की जुनी वही उचलून न्यायची की नव्या घरी नवीन लिहायची? उचलून नेली तर एका रात्रीचं काम. पण अशा वह्यांना स्वभाव असतो. जगातल्या कितीतरी शोधयंत्रांच्या पोटात ल्युसीन नावाची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, आहे. डग कटिंगनं १९९९ मध्ये लिहिली आणि बायकोचं मधलं नाव तिला दिलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही त्याच कुळातलं काहीतरी असावं. ल्युसीनचा रिवाज असा, की नवी आवृत्ती फक्त लगेचच्या आधीच्या मोठ्या आवृत्तीची वही वाचते, त्याआधीची नाही. मधल्या आवृत्तीतून धुऊन-पुसून आणली तरी चालत नाही. आठव्या आवृत्तीपासून तर वहीचा जन्म कोणत्या आवृत्तीत झाला तेही तपासतात, आणि जन्मदाखला जुना निघाला की दारातूनच परत. आमच्या सॉफ्टवेअरचं मार्गदर्शक पुस्तक इतकं कडक नव्हतं. त्यात लिहिलं होतं: कॉपी केलेला इंडेक्स चालू शकेल, नव्यानं बांधणं बरं. ‘चालू शकेल’ या दोन शब्दांनी आमच्या धंद्यातल्या किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील, देव जाणे.

मी दोनशे मेलवर प्रयोग करून बघितला. इंग्रजी शब्द सापडले. ‘कोल्हापूर’ सापडेना. पत्ता प्रत्येक दुसऱ्या पत्रात, तरी सापडेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. जुन्या सॉफ्टवेअरला फक्त अक्षरं कळायची. काना, मात्रा, उकार यांना युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, अक्षर म्हणत नाहीत, खुणा म्हणतात. त्यामुळे प्रत्येक खुणेपाशी ते शब्द मोडायचं. त्याच्या वहीत ‘कोल्हापूर’ नव्हतंच. क, ल, ह, प, र अशी पाच सुटी अक्षरं होती. मग इतकी वर्षं शोध चालला कसा? आपण ‘कोल्हापूर’ टाइप केलं की ते आपलाही शब्द तसाच मोडायचं, आणि पाच तुकडे ओळीनं कुठे आहेत ते बघायचं. चूक दोन्हीकडे सारखी असली की व्यवहार बिनबोभाट होतो! नवं सॉफ्टवेअर शहाणं. ते अख्खा ‘कोल्हापूर’ घेऊन जुन्या वहीत शोधायला जायचं आणि हात हलवत परत यायचं. शहाण्यानं अडाण्याची वही वाचायला घेतली की असं होतं. त्यात पुन्हा कर्मचाऱ्यांमधला तो अर्धा र. कोणी खाली टिंब असलेल्या ऱ ने लिहितं, कोणी साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारी खूण जोडून लिहितं. डोळ्याला तसूभर फरक दिसत नाही, यंत्राला दोन वेगळे शब्द दिसतात. आणि २०१३ च्या आधीची काही मराठी पत्रं तर जुन्या फॉन्टमधली. ती उघडली की डॉलरची चिन्हं आणि रोमन अक्षरांचा चिवडा. तो चिवडाही वहीत इमानेइतबारे नोंदलेला होता.

तेव्हा ठरवलं, नवीनच लिहायची. आणि ठरवताना बाबांची आठवण झाली.

बाबा तालुक्याच्या गावी एका ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. ग्रंथालय एका वाड्याच्या माडीवर. शिसवी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, चालताना हलणारी तक्तपोशी. खिडकीशी एक लाकडी खणांचं टेबल होतं, त्यात कार्डं. प्रत्येक कार्डावर पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि कोपऱ्यात पत्ता: कपाट सात, फळी तीन. मी आठवीत असताना नगरपालिकेनं नवी इमारत दिली. पुस्तकं हातगाडीवरून तीन दिवसांत गेली. कपाटं मात्र नवी, लोखंडी, निराळ्या मापाची. त्यामुळे एका सकाळी गावातली सगळी कार्डं खोटी झाली. पुस्तकं आहेत, कार्डंही आहेत, पण ‘कपाट सात, फळी तीन’ या जागी आता पाण्याचा पिंप ठेवलेला. तो उन्हाळा मी बाबांच्या हाताखाली कार्डं लिहिली. पहिल्याच दिवशी मी हुशारी केली. जुनं कार्ड समोर ठेवून नव्यावर भराभर उतरवायला लागलो, फक्त पत्ता बदलत. बाबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाले, “कार्डावरून कार्ड उतरवायचं नाही. पुस्तक हातात घे, उघड, पहिलं पान बघ, मग लिही. कार्डावरून उतरवलंस की आधीच्या माणसाची चूकसुद्धा उतरते.”

आणि खरंच, किती निघालं त्यात. वर्षानुवर्षं कार्डावर असलेली आणि कपाटात नसलेली पुस्तकं. फळीच्या मागे पडलेली, कार्डच नसलेली, कसर लागलेली पुस्तकं. एका दिवाळी अंकाच्या बांधणीत शिवला गेलेला कोणाचा तरी कवितासंग्रह. आंब्याच्या रसाचं जेवण जेवून दुपारी दोनला मी ग्रंथालयात जायचो. नव्या भिंतींच्या ओल्या चुन्याचा आणि जुन्या कागदाचा वास एकत्र यायचा, आणि मला झोप यायची. बाबांना कधी झोप येताना मी बघितलं नाही.

तर त्यांचा शब्द प्रमाण मानून मी नवी वही लिहायला लावली. दिवसा सर्व्हरवर ताण नको म्हणून रात्री. रात्री आमच्याकडे एरवीही जाग असते. त्या काळी रात्रीची वीज स्वस्त पडायची म्हणून भट्ट्या तेव्हाच पेटायच्या. मी काचेच्या खोलीत आणि पलीकडे शेडमध्ये वितळलेलं लोखंड. ओतायच्या वेळी छतावर नारिंगी उजेड हलायचा, मग धूर, मग पुन्हा अंधार. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची: २०११ चा मार्च, २०११ चा एप्रिल. भट्टीवरची पोरं दोनच्या सुमाराला चहा घेऊन यायची. त्यातल्या एकानं विचारलं, “साहेब, हे आत काय वितळवताय?” नऊ रात्री लागल्या. दहाव्या सकाळी आकडे बघितले. जुन्या इंडेक्सचा आकार होता शहाऐंशी जीबी, नव्याचा एकतीस. मला आनंद झाला. केवढा आटोपशीर, म्हटलं, जुन्यात किती केरकचरा होता बघा. आज तो आनंद आठवला की कानाची पाळी गरम होते.

मी तपासणीही केली, नाही असं नाही. वीस शब्द काढले, वीसही सापडले. पण ते वीस शब्द मी कुठून काढले? समोर उघडलेल्या मेल वाचून. म्हणजे सापडणार हे ज्याचं आधीच माहीत होतं, तेच शोधलं. परीक्षक मीच, विद्यार्थी मीच आणि प्रश्नपत्रिकाही उत्तर बघून काढलेली. शंभरपैकी शंभर. मग जुन्या सर्व्हरच्या डिस्क पुसून बॅकअपला लावल्या. नव्या डिस्क मागायला पुन्हा साहेबांकडे कोण जाणार?

आता आपल्या ऑफिसांतल्या मेल कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. विषयाच्या जागी आरई, आरई, एफडब्ल्यू. आत ‘डिअर सर’. त्याखाली ‘पीएफए’. प्लीज फाइंड अटॅच्ड एवढं लिहायचेही कष्ट नाहीत. खाली सही, फोन नंबर, छापण्याआधी झाडांचा विचार करा अशी एक हिरवी ओळ. झाली मेल. जे काही बोलायचं, भांडायचं, कबूल करायचं ते सगळं जोडलेल्या वर्डच्या नाहीतर एक्सेलच्या फाइलमध्ये. आपली मेल म्हणजे नुसतं पाकीट. आणि पाकिटाच्या आतलं वाचायला यंत्राला एक दुभाष्या लागतो. विंडोजवर त्याला आयफिल्टर म्हणतात. वर्डच्या फाइलला एक, पीडीएफला एक, असे छोटे प्रोग्राम. ते फाइलच्या पोटातला मजकूर काढून देतात, मग तो वहीत चढतो. जुन्या सर्व्हरवर ते कधीकाळी कोणीतरी बसवले होते. कदाचित मीच, तो सर्व्हर लावला तेव्हा. नव्यावर बसवायचे राहिले. चूक म्हणून कुठे लाल अक्षर आलं नाही, घंटा वाजली नाही. दुभाष्या नाही म्हटल्यावर यंत्रानं प्रत्येक पाकीट वरून वाचलं, न उघडता बाजूला ठेवलं आणि ‘पूर्ण’ म्हणून हिरवा टिकमार्क दिला. एकतीस जीबी.

हे मला कळलं कसं, तर अकाउंट्सच्या एका पोरामुळे. मॅडमना ‘नसेलच’ म्हटल्याला पंधरा-एक दिवस झाले असतील. तो पीओची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरची, छापील प्रत हातात घेऊन आला. “सर, हा नंबर टाकला तर काहीच येत नाही. आणि ही बघा प्रिंट, मेलवरच आली होती.” कागद त्यानं माझ्या नाकासमोर धरला. त्याला मी ‘मग नसेलच’ म्हणालो नाही. म्हणणार कसा? मी लगेच म्हणालो, “थांब, बघतो, इंडेक्समध्ये काहीतरी गडबड दिसते.” अर्ध्या तासात सापडलं काय झालंय ते. आणि मग खुर्चीत मागे रेलून बसलो तर पोटात खड्डा पडला. पोराच्या हातात कागद होता म्हणून मी यंत्रावर संशय घेतला. मॅडमकडे नुसती आठवण होती, म्हणून मी मॅडमवर घेतला.

त्याच आठवड्यात सहीसाठी त्यांच्या टेबलाशी गेलो होतो. टेबलावर नवी डायरी. पूर्वी कधी बघितली नव्हती. अख्ख्या सेक्शनला कुठल्या गिऱ्हाइकाचा रेट कधी बदलला ते तोंडपाठ सांगणारी ही बाई. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत उत्तर यायचं त्यांच्याकडून. आता फोन आला की पेन घेऊन डायरीत लिहीत होत्या. पान उघडंच होतं. निळ्या शाईत, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात ओळीनं कामं, आणि मध्ये एक नोंद: कोअर बॉक्स मेल – नाही. मी सही घेतली आणि न बोलता परत आलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण रिकाम्या हातानं जाऊन ‘चूक माझी होती’ म्हणायचं धाडस झालं नाही.

इकडे कंपनीच्या वकिलांचे फोन सुरू झाले होते. त्यांना इंडेक्सशी घेणंदेणं नव्हतं. मेल मूळ स्वरूपात हवी, हेडरसकट, म्हणजे कोणी, कधी, कुठून पाठवली त्या नोंदींसकट, आणि सोबत प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या ६५-बी कलमाचं काम आता त्रेसष्टावं कलम करतं, आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणावा असा आकडाही, द्यावी लागते. ते प्रमाणपत्र किती आवश्यक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं ते आपल्या जालन्याच्याच खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. निवडणुकीचा अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, यावरून वाद आणि निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. वकील हे सगळं रंगून सांगत होते आणि मी ‘हो, हो’ करत होतो. मनात एकच: हॅश काढायला आधी मेल हातात तर येऊ दे. नंतर मी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सातवं कलम काढून वाचलं. इलेक्ट्रॉनिक नोंद जपायची तर ती पुढे संदर्भाला वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे, असं त्यात आहे. नुसतं कपाट भरून चालत नाही. २००० सालच्या कायद्यात कोणीतरी हे लिहून ठेवलंय याचं मला त्या रात्री फार कौतुक वाटलं, आणि थोडी भीतीही.

आयफिल्टर बसवले. आता जोडलेल्या फाइलींसकट पुन्हा सगळी वही. अंदाज दाखवला: अकरा रात्री. वकिलांना उत्तर द्यायचं होतं चार दिवसांत.

जुना सर्व्हर असता तर एका मिनिटाचं काम होतं. तिथे ती वही होती, अडाणी, मोडक्या अक्षरांची, चिवडा नोंदलेली, पण पाकिटं उघडून बघितलेली. आणि तेव्हा मला बाबांची दुसरी गोष्ट आठवली, जी मे महिन्यात सोयीस्करपणे आठवली नव्हती. नवी कार्डं लिहून झाल्यावर जुनी रद्दीत घालायला मी पोत्यात भरली होती. बाबांनी ती पोत्यातून काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ओळीनं लावली आणि काउंटरखाली ढकलली. आधीच्या ग्रंथपालांनी त्या कार्डांच्या पाठीवर शिसपेन्सिलनं बारीक नोंदी केलेल्या होत्या. ‘शेवटचं पान नाही.’ ‘आत घडीचा नकाशा आहे.’ ‘हीच कथा दुसऱ्या नावानं कपाट चारमध्ये.’ पहिलं पान उघडून यातलं काहीच कळत नाही. ज्यानं पुस्तक पूर्ण वाचलंय त्यालाच ते माहीत. कोणी येऊन ‘ते नकाशावालं हवंय’ म्हणालं की बाबा वाकून डबा ओढायचे. मी एकदा म्हणालो, तुम्हीच तर म्हणता जुन्या कार्डावर विसंबू नये. बाबा म्हणाले, “विसंबू नये. टाकूही नये.”

मी टाकलं होतं.

त्या रात्री घरी जेवताना आईनं विचारलं, ताटात काय शोधतोयस? तिला सगळं सांगितलं. आयफिल्टर तिला कळला नाही, हरतालिका कळली. “मग हरतालिका कधी होती ते बघ की,” म्हणाली. ती असं म्हणाली आणि मला आठवलं, की माझी ती उलटी वही लागते फक्त शब्द शोधायला. मेल कोणाची, कोणाला, कधीची, हे तर निराळ्या तक्त्यात असतं, आणि ते तक्ते शाबूत होते. तारखेनं जायला इंडेक्स लागतच नाही. तारीख तर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. मला ती ऐकू आली नव्हती, कारण सर्चच्या चौकटीत हरतालिका टाकायला जागा नसते.

आईनं माळ्यावरून कालनिर्णयचा गठ्ठा काढायला लावला. सुतळीनं बांधलेली सगळी वर्षं. मागच्या पानांवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा, माझ्या कावीळ झालेल्या महिन्यातले डॉक्टरांचे आकडे. हा गठ्ठाही एक इंडेक्सच म्हणायचा, आणि तो दरवर्षी नवा बांधावा लागतो. हरतालिका काही एका तारखेला बसत नाही. अधिक मास आला की सगळं पुढे सरकतं. मॅडम त्या सेक्शनला आल्या २०१२ मध्ये, त्या गिऱ्हाइकाचं काम कमी झालं २०१७ च्या सुमाराला. पाच वर्षं उरली. आई तारखा वाचत गेली, मी लिहीत गेलो. २०१२: १८ सप्टेंबर, मंगळवार. २०१३: ८ सप्टेंबर, रविवार. २०१४: २८ ऑगस्ट, गुरुवार. २०१५: १६ सप्टेंबर, बुधवार. २०१६: ४ सप्टेंबर, पुन्हा रविवार. रविवारी त्या गिऱ्हाइकाचं ऑफिस बंद. राहिले तीन दिवस. चौदा लाखांतून तीन दिवस, तेही एका उपवासाच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. रात्रीच्या ओतकामाची वाफ अजून शेडवर होती. २०१२ चा दिवस उघडला, त्या गिऱ्हाइकाच्या दोन मेल, दोन्ही डिस्पॅचच्या. २०१४ मध्ये एकही नाही. २०१५ चा १६ सप्टेंबर. दुपारी चार वाजून पन्नास मिनिटं. विषय: आरई, आरई, एफडब्ल्यू. आत डिअर मॅडम, पीएफए. खाली एक वर्डची फाइल, जुन्या पद्धतीची. ती उघडली. दुसऱ्या पानावर, चौथ्या कलमात, कोअर बॉक्सचा खर्च निम्मा-निम्मा, मान्य. मी ते कलम तीनदा वाचलं. नंतर उगीचच सर्चच्या चौकटीत जाऊन पुन्हा ‘कोअर बॉक्स’ टाकून बघितलं. शून्य. मेल शेजारच्या खिडकीत उघडी होती आणि ही खिडकी छातीठोकपणे शून्य सांगत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते ठीक, पण इथे गावाला वळसा मी दुसऱ्याला घालायला लावला होता.

मॅडम साडेनऊला आल्या. छत्री दारात उघडीच ठेवली, डबा खणात टाकला. मी म्हटलं, “मॅडम, जरा येता का? ती मेल.” त्या आल्या, माझ्या खुर्चीमागे त्याच जागी उभ्या राहिल्या. मी रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, आयफिल्टर वगैरे. “तुम्ही बरोबर होता, मेल होती, माझंच एक काम राहिलं होतं, सर्चला दिसत नव्हती,” एवढं कसंबसं बोललो. त्यांचं लक्षच नव्हतं. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्या तारखेची आणि वेळेची ओळ वाचत होत्या.

“चार पन्नास,” म्हणाल्या. “चार पन्नासलाच चहा आलेला. मी नको म्हटलेलं.”

मग मला म्हणाल्या, उठ जरा. माझ्या खुर्चीत बसल्या, मेल साहेबांना आणि वकिलांना फॉरवर्डला लावली. वर काय लिहायचं म्हणून क्षणभर थांबल्या. मला वाटलं आता काहीतरी सविस्तर लिहितील, बोलतीलही. त्यांनी एका बोटानं तीन अक्षरं टाइप केली, पीएफए, आणि पाठवून दिली.